आख्खं बेट बंद

माझ्या डाव्या कानात एक शिट्टी आहे. कुकरची नव्हे. लांबच्या कुठल्या तरी घरात जुना टीव्ही चालू ठेवून माणसं गावाला निघून गेली असावीत, तशी बारीक आणि न थांबणारी. २०१९ पासून आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी केली, कागदावरची खाली घसरलेली रेघ दाखवली आणि विचारलं, "काकू, नोकरी कारखान्यात होती का?"

नोकरी बँकेत होती, कॅश काउंटरवर. कारखाना मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हौसेनं गळ्यात अडकवून घेतला होता. पन्नाशीत ढोल-ताशा पथकात गेले. ढोल पेलवेना म्हणून ताशा घेतला, आणि सात वर्षं सराव, गणपती, पाडवा असं सगळं वाजवलं. कानात कधी कापसाचा बोळासुद्धा घातला नाही.

पथकात का गेले, ते डोंबिवलीकराला सांगावं लागत नाही. पाडव्याची स्वागतयात्रा आमच्या गावानं १९९९ साली सुरू केली, मग ती ठाण्यात, गिरगावात आणि पुढे सगळीकडे गेली, याचा आम्हाला जरा जास्तच अभिमान आहे. नऊवारी नेसून, फेटा बांधून फडके रोडवर पहाटे उभं राहिलं की वर्ष सुरू झालं. त्या एका सकाळसाठी मी तीन महिने मैदानावर सराव करायचे. पश्चात्ताप होतो का? नाही. शिट्टी मात्र आहे.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मेल्या की परत उगवत नाहीत. त्या पट्टीतला आवाज बाहेरून येईनासा झाला की मेंदू स्वतःच तिथे काहीतरी ऐकू लागतो. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात. नाव सुंदर आहे, सोबत राहायला तितकंसं नाही. उपाय म्हणून त्यांनी सांगितलं, "अगदी शांत खोलीत बसू नका. झोपताना पंखा लावा." तेव्हापासून मी जानेवारीतही पंखा लावून, वर दोन गोधड्या घेऊन झोपायचे. रेल्वेलाइनला लागून घर असल्याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा वाटू लागला.

आणि अशा माणसाला २०२३ च्या फेब्रुवारीत भाचीचा फोन आला. ती बालीत सानूरला राहते, कामानिमित्त. म्हणाली, "मावशी, या वर्षी पाडव्याला ये. इथे त्या दिवशी आख्खं बेट बंद असतं. गाडी नाही, दिवा नाही, आवाज नाही. विमानतळसुद्धा बंद."

मी म्हटलं, "मला शिक्षा कसली?"

तिनं उत्तरादाखल भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. २२ मार्चच्या चौकोनात लिहिलं होतं: साका १९४५. मी दाते पंचांग काढलं. २२ मार्च, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९४५, शोभन नाम संवत्सर. मग आठवलं की सरकारी राष्ट्रीय पंचांगाचा १ चैत्रही २२ मार्चलाच येतो. ते पंचांग १९५७ साली याच तारखेला सुरू झालं आणि त्यातही शकच आहे. म्हणजे दिल्लीचं सरकारी, डोंबिवलीचं घरचं आणि बालीचं, तिन्ही वर्षं एकाच सकाळी पालटणार होती. कॅश काउंटरवर आयुष्य घालवलेल्या बाईला आकड्यांचा असा मेळ दिसला की राहवत नाही. मी तिकीट काढलं.

हा शक समुद्रापार गेला कसा, ते थोडक्यात सांगते, कारण मला स्वतःला हे साठीपर्यंत ठाऊक नव्हतं. जावा बेटावर चांगल इथे एक संस्कृत शिलालेख सापडला आहे, संजय नावाच्या राजाचा. त्यावरचं साल शक ६५४ आहे, म्हणजे इसवी सन ७३२. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली जायला तेव्हा साडेपाचशे वर्षं अवकाश होता. पुढे जावात इस्लाम आला. १६३३ साली सुलतान अगुंग यानं महिने हिजरी पद्धतीचे केले, पण शकाचा आकडा मोडला नाही, तोच पुढे मोजत ठेवला. बालीनं मात्र अमावास्या-पौर्णिमा, अधिक महिना असं सगळं धरून ठेवलं. गंमत म्हणजे त्यांचं नवं वर्ष दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी लागतं. नवव्या महिन्याची अमावास्या संपली की दुसऱ्या दिवशी न्येपी. शब्द 'शांत, निर्जन' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. आपलाच पाडवा, पण नाव शांततेवरून.

भाची ज्यांच्या घरात भाड्यानं राहते त्या बाईंना सगळे 'इबू' म्हणतात. आपण काकू म्हणतो तसं. त्यांचा मुलगा शाळेत शिकवतो. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला सांगितलं की शक सुरू केला कनिष्क राजानं, इसवी सन ७८ मध्ये. मी म्हटलं, छे, शालिवाहनानं, पैठणच्या. त्यानं मातीचे सैनिक केले, त्यांच्यात प्राण फुंकला आणि शत्रूला हरवलं. भाची दुभाषी होती, आणि मातीच्या सैनिकांपाशी येऊन तिचं इंडोनेशियन संपलं. इतिहासाची माणसं कनिष्क म्हणतात किंवा चष्टन म्हणतात हे मला माहीत आहे. पण परक्या अंगणात बसून पैठण सोडायला मन तयार झालं नाही.

न्येपीच्या आधीच्या दिवसांत मेलास्ती असते. गावोगावची देवळं आपले देव समुद्रावर, तळ्यावर किंवा झऱ्यावर नेतात. सानूरच्या किनाऱ्यावर पहाटेपासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या, डोक्यावर नैवेद्याच्या उतरंडी, आणि मागे झांजा, ढोलकी आणि घंटांचं पथक. झांजेला ते 'चेंगचेंग' म्हणतात. त्याहून चांगलं नाव सुचणार नाही. समुद्राचं पाणी शिंपडतात त्याला 'तीर्ता' म्हणतात. शब्द कानावर पडला आणि मी नकळत उजवा तळहात पुढे केला. पुजाऱ्यानंही ते साहजिकच मानलं.

सानूरमधल्या या जुन्या गावाचं नाव इंतारान. इंतारान म्हणजे कडुनिंब! पाडव्याला मी डोंबिवलीत भाजीवाल्याकडून दहा रुपयांची जुडी घेते आणि इथे आख्खं गावच कडुनिंब. इबूंनी सांगितलं की तिथल्या औषधी परंपरेला 'उसादा' म्हणतात. तेही आपलंच औषध, ताडपत्रांवर लिहून ठेवलेलं. पाला वाटून अंगाला लावायचा तो 'बोरेह', रस काढून प्यायचा तो 'लोलोह'. मी त्यांना आपलं पाडव्याचं मिश्रण सांगितलं: कोवळी पानं, गूळ, जिरं, मिरी, हिंग, ओवा, चिंच, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. त्यांनी शिक्षकासारखी मान डोलावली आणि विचारलं, "वर्षातून एकदाच?" मी गप्प बसले.

अमावास्येच्या दिवशी दुपारी चौकात भूतबळीचा विधी झाला. चौकाला ते 'चातुस पाता' म्हणतात, म्हणजे चतुष्पथ. संध्याकाळी, ते म्हणतात 'सांदीकाला'ला, इबूंच्या घरातल्यांनी माडाच्या वाळक्या झावळ्या पेटवल्या आणि पातेली, डबे, बांबू काय हाताला लागेल ते बडवत सगळे घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरले. माझ्या हातात एक झाकण आणि डाव आला. वाईट शक्तींना हाकलायचं असतं. मी पथकातला तोडा धरला. इबूंचा नातू थांबून बघत राहिला, मग त्यानं डबा माझ्या तालाशी जुळवला. कानात डॉक्टरांनी दिलेले बोळे होते, हे सांगायला हवं.

रात्री रस्त्यावर ओगो-ओगो निघाले. बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस, सुळे, लोंबत्या जिभा, काही दोन मजली घराएवढे. बांबूच्या जाळीवर उचलून पोरं धावतात, चौकात आली की त्याला गरगरा उलटं फिरवतात, म्हणजे भुतांना दिशा कळू नये. घाम, आरडाओरडा, विजेच्या तारा काठीनं वर उचलणारी मुलं. आमच्या चित्ररथांच्या पुढेमागे जी पोरं असतात, तीच. हा ओगो-ओगोचा प्रकार सगळ्या बेटभर पसरला तो गेल्या चाळीसएक वर्षांत, असं मास्तर म्हणाला. म्हणजे आमच्या स्वागतयात्रेपेक्षा फार थोरला नाही. परंपरा म्हणून आपण जे छातीवर हात ठेवून सांगतो, त्याचं वय असं मधूनच विचारून घ्यावं.

मग हळूहळू आवाज ओसरला. सकाळी सहा वाजता न्येपी लागली.

नियम चार. अग्नी नाही, म्हणजे चूल नाही आणि दिवाही नाही. काम नाही. प्रवास नाही. करमणूक नाही. सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा. विमानतळ चोवीस तास बंद, बंदरं बंद, दुकानं बंद, आणि २०१८ पासून मोबाईलचं इंटरनेटही बंद. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड नेसलेले गावचे राखणदार, पेचालांग, गल्ल्यांतून फिरतात. पर्यटकालाही सूट नाही, हॉटेलच्या आवारात राहायचं, पडदे ओढायचे. रुग्णवाहिका तेवढी जाऊ शकते. श्रद्धाळू माणसं यात उपास धरतात, ध्यान करतात, आणि काही जण बोलतही नाहीत. इबूंचं 'मोना ब्राता' होतं. मौनव्रत. त्यांनी आदल्या रात्रीच मला खुणांनी समजावून ठेवलं होतं की उद्या मी तुझ्याकडे बघून हसेन, पण बोलणार नाही.

गुढीचं मी आधीच विचारून ठेवलं होतं. अंगणात, आवाज न करता, दिवा न लावता चालेल असं ठरलं. पहाटे भाचीनं आणि मी बांबूच्या काठीला माझी जांभळी पैठणी बांधली, कडुनिंबाची डहाळी, डोंबिवलीहून नेलेली साखरेची गाठी, वर तांब्या पालथा. घंटा नाही, निरांजन नाही, उदबत्ती नाही. इबू ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे गालुंगान सणाला दारात उंच बांबू उभारतात, शेंड्याला वाकलेला, झावळ्यांच्या नक्षीचा. त्याला पेनजोर म्हणतात. त्यांनी गुढीकडे बोट केलं, दोन्ही हातांनी हवेत पेनजोरचा बाक काढला आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. होय, तेच.

आणि मग सुरू झालं ते, ज्याची मला भीती होती. सात वाजेपर्यंत शिट्टी कानातून डोक्यात आली. पंखा नाही, लोकल नाही, शेजारच्यांचा मिक्सर नाही. आपण एका घंटेच्या आत बसलो आहोत असं वाटत होतं. मी भाचीला पुटपुटत म्हटलं, "मला वेड लागेल." ती म्हणाली, "मावशी, विमान उद्याशिवाय नाही." हे क्रूर वाटेल, पण खरं सांगते, त्याचा उपयोग झाला. घरी असते तर मी पंख्याचं बटण दाबलं असतं.

नऊ वाजता घड्याळ पाहिलं. बाली आपल्या अडीच तास पुढे आहे. डोंबिवलीत साडेसहा. आता पथक उभं राहिलं असेल, ढोलाच्या दोऱ्या ताणल्या जात असतील, पहिला ताशा कडकडेल. मी ओसरीवर मांडी घालून बसले आणि मनातच सगळा तोडा वाजवून काढला. पथकात शिकवतात ती पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचं वाद्य ऐकू नका, शेजारचं ऐका, म्हणजे ताल चुकत नाही. सात वर्षं हे मी केलं होतं. मला वाटलं, करून बघू. शिट्टी माझं वाद्य. ते सोडून शेजारचं काय आहे?

आधी कोंबडे. ते न्येपी पाळत नाहीत. मग तोकेक, तिथली मोठी पाल, तोंडानं 'तोकेऽक' म्हणते. किती वेळा म्हणते ते मोजायचं. नारळाच्या झावळीवर झावळी घासल्याचा आवाज, वाळक्या कागदासारखा. कुणाच्या तरी घरी तान्हं मूल रडलं आणि गप्प झालं. केरसुणीचासुद्धा आवाज नव्हता. मग बऱ्याच वेळानं एक सपाट, संथ आवाज आला, येतोय की नाही असा. घरापासून समुद्र चारपाच गल्ल्या दूर. सानूरला किनाऱ्यापुढे प्रवाळाची भिंत आहे, लाट तिथेच फुटते. त्या घरात पाच दिवस राहून मला तो ऐकू आला नव्हता. भाचीला दोन वर्षांत आला नव्हता.

शिट्टी होतीच. ती गेली नाही, कमीही झाली नाही. पण बाराच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की तिच्यात दोन सूर आहेत, एक वरचा आणि त्याखाली एक अगदी पातळ. चार वर्षं जिच्यापासून पळत होते तिच्यात काय आहे ते मी कधी ऐकलंच नव्हतं. याला ध्यान म्हणतात का ते मला माहीत नाही. उबुदच्या बाजूला ध्यानाचे, नादोपचाराचे महागडे वर्ग चालतात, त्यांच्या पाट्या मी पाहिल्या होत्या. माझा वर्ग फुकट झाला आणि शिक्षिका दिवसभर अवाक्षर बोलल्या नाहीत.

दुपारी दडपे पोहे खाल्ले. चूल पेटवायची नसेल तर कोकणासारखं अन्न नाही. पातळ पोहे घरून नेले होते, नारळ इबूंच्या अंगणातला. पोह्यांवर नारळाचं पाणी शिंपडलं, खोबरं, कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर, वर परातीचं वजन. फोडणी नव्हती, चाललं. इबूंचा उपास होता, नातवाचा नव्हता. त्यानं दोनदा घेतले.

संध्याकाळी सहानंतर अंधार आला तो सांगून कळणार नाही. एका गावातले दिवे गेले तर क्षितिजावर दुसऱ्या गावाचा उजेड दिसतो. इथे तोही नव्हता. अमावास्या नुकती सरलेली, त्यामुळे चंद्र नाही. ढग होते, नवाच्या पुढे पांगले. अगस्त्याचा तारा आपल्याकडे दक्षिणेला खाली, इमारतींच्या मागे लपलेला असतो, तो इथे उंच चढला होता. खाली आग्नेयेला त्रिशंकू. आम्ही तिघी अंगणात चटईवर पडून होतो. कुणी बोललं नाही. पलीकडच्या घरात एक म्हातारा खोकला, आणि मला तो अगदी आपला माणूस वाटला.

मी पंख्याशिवाय झोपले.

सकाळी सहाला एक स्कूटर सुरू झाली. मग दुसरी. पाच मिनिटांत सगळं बेट फटफटू लागलं. या दिवशी लोक एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. इबूंनी हात जोडून मला काहीतरी म्हटलं. भाचीनं सांगितलं, त्या माफी मागतायत. कशाची, मी विचारलं. इबू म्हणाल्या, काल बोलले नाही त्याची, आणि खो खो हसल्या.

परतायच्या आधी ताम्पाकसिरिंगच्या तीर्ता एम्पुल या देवळात गेलो. दहाव्या शतकातलं, जिवंत झऱ्यावर बांधलेलं. तोट्यांच्या रांगेखाली उभं राहून एकेका धारेखाली डोकं धरायचं. काही तोट्या मृतांच्या विधीसाठी राखलेल्या, त्या वगळायच्या. पाणी बर्फासारखं होतं. पाडव्याचं अभ्यंगस्नान राहिलं होतं, ते झालं. बाकी तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग स्नानाच्या रांगेपेक्षा लांब होती.

आता खरं ते सांगते. घरी आल्यावर तपासणी पुन्हा केली. रेघ होती तिथेच आहे. न्येपीनं कान बरा होत नाही, आणि कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. बदललं ते इतकंच की बरेचदा मी पंखा न लावता झोपते.

आणि बालीसारखा बंद आपल्याकडे व्हावा असंही मला वाटत नाही. राखणदार दारात उभा करून पाळलेली शांतता फडके रोडवर चालणार नाही, चालूही नये. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिथे आवाजाला शेवट आहे. राक्षस नाचवणाऱ्या पोरांना ठाऊक असतं की सकाळी सहाला आपणही गप्प बसणार आहोत, म्हणून ती जीव तोडून नाचतात. आमच्याकडे पाडव्याची यात्रा संपली तरी भोंगा चालूच, संध्याकाळी कार्यक्रम, रात्री आणखी कुणाचा तरी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ असा २००० सालचा नियम आहे, तो कागदावर छान झोपलेला आहे. खरं तर शांतपणे ऐकण्याचा विधी आपल्याकडेही होता. पाडव्याला माझे आजोबा ओटीवर पंचांग वाचायचे, संवत्सरफल, पाऊस किती, धान्य काय भावानं, आणि घरातले सगळे कडुनिंब चावत निमूट ऐकायचे. तो अर्धा तास आम्ही कधी सोडून दिला, ते मला आठवतही नाही.

मी पथक सोडलेलं नाही. कानात बोळे घालून ताशा वाजवते, नव्या मुलींना पहिल्या दिवशी बोळे हातात देते. त्या हसतात, मी माझी रेघ दाखवते. यात्रा संपली की घरी येऊन दुपारी फोन बंद करायचा, पंखा बंद करायचा, दोन तास ओसरीवर, म्हणजे गॅलरीत, बसायचं असा नेम केला आहे. २०२५ ला चाळीस मिनिटं जमली, मग शेजारच्या वहिनी श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या.

कुणाला न्येपीला जायचं असेल तर एक सांगून ठेवते: पाडव्याची तारीख बघून तिकीट काढू नका. अधिक महिना ते आणि आपण वेगवेगळ्या वेळी धरतो. २०२४ साली त्यांची न्येपी ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला, शके मात्र दोघांचा १९४६. २०२५ ला एका दिवसाचा फरक होता. २०२६ ला दोन्ही पुन्हा एकत्र, १९ मार्च. न्येपीच्या निदान दोन दिवस आधी पोहोचा, म्हणजे ओगो-ओगो चुकणार नाहीत, आणि त्या चोवीस तासांत विमान उतरत नाही हे लक्षात असू द्या. पातळ पोहे बरोबर न्या. नारळ तिथे मिळतो.